कॅसिओपिया ए मधली गाठ तापली, की दुर्बिणीची नजर मंदावली?

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती इथेच दिसेल. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून आपण शर्मिष्ठा तारकासमूहातील कॅसिओपिया ए (पुढे नुसते कॅस ए) या सुपरनोव्हा अवशेषाची, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या पसरत्या वायूची, दोन निरीक्षणे उतरवून घेतली, एक जानेवारी २००० मधले आणि दुसरे मे २०१९ मधले. त्याच्या कवचावरच्या एका तेजस्वी गाठीभोवती, म्हणजे वायूच्या दाट पुंजक्याभोवती, आपण एक वर्तुळ आखले, तेच वर्तुळ दोन्ही निरीक्षणांवर ठेवून वर्णपट काढले आणि एक्सएसपेक या वर्णपट-विश्लेषणाच्या संगणकप्रणालीत त्यांना आघाताने तापलेल्या वायूचे मॉडेल बसवले. दीड किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (पुढे केईव्ही) खालचे काउंट (कॅमेऱ्याने मोजलेले फोटॉन) जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले आणि तापमान, ऊर्जेच्या एककात, १.६ वरून २.१ केईव्हीवर गेलेले दिसले. ‘गाठ तापते आहे आणि मऊ क्ष-किरणांत विझते आहे’ (मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे) असे प्रबंधात लिहावे का, हा आपला प्रश्न आहे.

आज तरी लिहू नये, असे माझे मत आहे. आपला निष्कर्ष चूकच आहे असा याचा अर्थ नाही. आपण जे मोजले त्यात चार वेगवेगळे बदल एकमेकांत मिसळले आहेत आणि त्यांतला एकच गाठीचा स्वतःचा आहे. उरलेले तीन म्हणजे उपकरणाची घटलेली संवेदनशीलता, गाठीचे आकाशातले सरकणे आणि मॉडेलमधल्या राशींनी एकमेकींत केलेली देवाणघेवाण. हे तीन वेगळे काढल्यावर जे शिल्लक राहील तेवढ्याचाच अर्थ लावायचा असतो. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत दिसलेल्या बदलाचा बराच मोठा भाग या तिघांच्या वाट्याला जातो.

सुरुवात उपकरणापासून करू. चंद्रा जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. तिच्यावरच्या एसिस या सीसीडी कॅमेऱ्यासमोर दृश्य प्रकाश अडवण्यासाठी एक अतिशय पातळ गाळणी आहे. ही गाळणी थंड असल्यामुळे यानातूनच सुटणारी कार्बनयुक्त वाफ तिच्यावर गोठत राहते आणि तो थर वर्षागणिक जाड होत गेला आहे. हा थर मऊ क्ष-किरण गिळतो, कठीण म्हणजे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मात्र त्यातून जवळजवळ निर्धोक पार होतात. त्यामुळे २००० मध्ये आणि २०१९ मध्ये तीच वस्तू पाहिली आणि ती वस्तू तिळभरही बदललेली नसली, तरी दुसऱ्या वेळी तिचे कमी ऊर्जेचे काउंट कमी येणारच. प्रति सेकंद काउंट हा दुर्बिणीचा आकडा आहे, वस्तूचा नाही. आपल्या प्रश्नात ‘काउंट निम्म्यावर आले’ हे वाक्य पुरावा म्हणून आले आहे, आणि माझी पहिली हरकत तिथेच आहे.

आपण म्हणाल की एआरएफ फाइलमध्ये (कोणत्या ऊर्जेला दुर्बीण किती संवेदनशील आहे ते सांगणाऱ्या) ही घट धरलेली असते. बरोबर आहे, पण ती फाइल त्या निरीक्षणाच्या तारखेसाठी आणि अद्ययावत कॅलिब्रेशन संचाने (उपकरणाच्या तपासणीतून ठरवलेल्या दुरुस्त्यांच्या संचाने) नव्याने बनवलेली असेल तरच. थराची जाडी काळानुसार बदलते, गाळणीच्या मध्यापेक्षा कडांना ती अधिक असते आणि थराच्या रासायनिक घडणीबद्दलचा अंदाजही वेळोवेळी सुधारला गेला आहे. दोन निरीक्षणांसाठी एकच एआरएफ वापरली किंवा जुन्या संचातली वापरली, तर मॉडेलला वाटते की मऊ किरण वस्तूनेच कमी पाठवले. हा तुटवडा भरून काढण्याचे त्याच्याकडे दोनच मार्ग असतात, वाटेतले शोषण वाढवणे किंवा तापमान वाढवणे. आपले तापमान वाढले आहे. तेवढ्यावरून मी निदान करणार नाही, पण पहिला संशय इथेच घेईन.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल इतक्या खात्रीने बोलतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तरुण अवशेषाच्या पाच वर्षांच्या निरीक्षणांवर काम करताना माझ्या स्क्रिप्टमध्ये कॅलिब्रेशन संचाचा मार्ग जुन्या फोल्डरकडे वळलेला राहिला होता. चार महिने मी एका तंतूच्या ‘तापण्या’चा आलेख सजवत होतो. गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आलेख पाहून एवढेच विचारले, “आणि जे बदलायला नको, ते बदललं नाही ना?” त्या दिवशी संध्याकाळी मी संपूर्ण अवशेषाचा वर्णपट त्याच पद्धतीने काढून पाहिला. संपूर्ण अवशेषही तेवढाच ‘तापला’ होता. अनेक प्रकाशवर्षे पसरलेली वस्तू एका ठेक्यात तापत नसते. तापली होती ती माझी स्क्रिप्ट.

तेव्हापासून माझा पहिला नियम हा आहे की बदल मोजायच्या आधी त्याच निरीक्षणात न बदलणारे काहीतरी शोधून तेच आधी मोजायचे. कॅस ए च्या बाबतीत हे काम सोपे आहे. संपूर्ण अवशेष सुमारे पाच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद आहे, तो एसिसच्या एस३ या चिपवर पूर्ण मावतो आणि पन्नास हजार सेकंदांच्या एका निरीक्षणात फोटॉनची संख्या कोटीच्या घरात जाते. सिलिकॉन आणि गंधकाच्या रेषांनी भरलेला १.५ ते ३ केईव्हीचा पट्टा संपूर्ण अवशेषासाठी एका दशकात फारसा बदलत नाही. म्हणून आपल्या दोन्ही तारखांना संपूर्ण अवशेषाचा या पट्ट्यातला प्रवाह, प्रति सेकंद प्रति चौरस सेंटीमीटर अर्ग या एककात, काढा. तो काही टक्क्यांच्या आत जुळला तर आपली साखळी सध्यापुरती निरोगी आहे. वीस टक्क्यांनी हुकला, तर गाठीकडे वळूच नका.

दुसरी फुटपट्टी पूर्णपणे बाहेरची आहे. लघु मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, १ई ०१०२.२-७२१९ नावाचा एक छोटा अवशेष आहे. त्याच्या वर्णपटात ऑक्सिजन आणि निऑन यांच्या ठसठशीत रेषा आहेत. वेगवेगळ्या दुर्बिणींची माणसे एकत्र येऊन या अवशेषाचे एक प्रमाण मॉडेल वापरतात आणि आपापल्या उपकरणाचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. चंद्राच्या गाळणीवरचा थर मोजायला हा अवशेष आणि एबल १७९५ हा दीर्घिकांचा समूह, दोन्ही नियमितपणे पाहिले जातात. आपल्या तारखांच्या जवळचे १ई ०१०२ चे निरीक्षण घेऊन प्रमाण मॉडेल बसवून पाहण्यात एक दिवस जातो, पण त्यानंतर परीक्षक काय विचारतील या काळजीने झोप उडत नाही.

इथे कुणी विचारेल की यानावर स्वतःचा दिवा नाही का. आहे. लोह-५५ या किरणोत्सारी समस्थानिकाचा स्रोत यानावर बसवलेला आहे, पण त्याचे अर्धायुष्य साधारण पावणेतीन वर्षांचे. वीस वर्षांत सातपेक्षा अधिक अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे दिव्याचा उजेड सुमारे दीडशे पटींनी कमी होतो. ज्या दिव्याने कॅमेऱ्याची तपासणी करायची तोच मालवत चाललेला असतो. म्हणूनच जुने अवशेष आणि दीर्घिकांचे समूह यांच्यावरची भिस्त वाढत जाते. इस्रोने १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या एक्स्पोसॅटवरील एक्सस्पेक्ट या उपकरणाने ५ जानेवारीला पहिला प्रकाश कॅस ए चाच टिपला आणि त्यात मॅग्नेशियमपासून लोहापर्यंतच्या रेषा दिसल्या. नवे उपकरण सुरू केल्यावर त्याला विचारायचे पहिले प्रश्न याच वस्तूला विचारले जातात, कारण तिची उत्तरे सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

आता गाठीच्या सरकण्याकडे. आपण ‘तेच वर्तुळ’ दोन्ही निरीक्षणांवर ठेवले असे लिहिले आहे, आणि मला वाटते आपल्या आकड्यांचे मोठे नुकसान याच वाक्यात झाले असावे. हिशेब करून पाहू. कॅस ए आपल्यापासून सुमारे ३.४ किलोपार्सेक, म्हणजे साधारण ११ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. कवचावरची गाठ सेकंदाला ५००० किलोमीटर वेगाने आपल्या दृष्टिरेषेला आडवी जात असेल, तर ती आकाशात वर्षाला सुमारे ०.३१ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकते. आपल्या दोन तारखांत १९.३ वर्षे आहेत, म्हणजे जवळजवळ ६ विकला. एसिसचा एक पिक्सेल अर्ध्या विकलेपेक्षा किंचित लहान असतो, तेव्हा गाठ बारा पिक्सेल पुढे गेली. आपल्या वर्तुळाची त्रिज्या आपण दिलेली नाही, पण गाठींसाठी ती सहसा दोन-तीन विकला असते. तसे असेल तर २०१९ च्या वर्तुळात गाठ नाहीच. आपण तिच्या मागून आलेला दुसराच वायू मोजला आहे, आणि त्याचे तापमान वेगळे असल्यास नवल काय?

म्हणून वर्तुळ गाठीबरोबर चालवावे लागते. मधल्या वर्षांची निरीक्षणे संग्रहात आहेत. ती क्रमाने लावून गाठ पावलापावलाने ओळखा, कारण एकोणीस वर्षांची एकच उडी घेतली की दोन वेगळ्या गाठी एकच वाटण्याचा धोका मोठा. त्याआधी प्रतिमा एकमेकींवर नीट बसवून घ्या. चंद्राच्या दिशादर्शनात अर्ध्या-पाऊण विकलेपर्यंतचा फरक सहज असू शकतो. कॅस ए च्या क्षेत्रात पार्श्वभूमीचे बिंदुस्रोत थोडे असल्याने पुष्कळदा मधल्या न्यूट्रॉन ताऱ्याचाच, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याचाच, आधार घ्यावा लागतो. तोही स्थिर नाही, वर्षाला काही शतांश विकला सरकतो. एकोणीस वर्षांत ते एका पिक्सेलच्या आसपास भरते, म्हणून ती दुरुस्ती करणे चांगले. गाठीचा आकारही याच काळात बदलतो, ती लांबते, फुटते, शेजारची गाठ तिच्यात मिसळते. वर्तुळ किती मोठे ठेवायचे हे म्हणूनच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याचे एक ठराविक उत्तर मला देता येणार नाही. मी स्वतः तीन वेगवेगळ्या त्रिज्या घेऊन तिन्ही उत्तरे कोष्टकात देतो. उत्तर त्रिज्येबरोबर हलत असेल, तर तो बदल गाठीचा नाही.

पार्श्वभूमीचेही असेच आहे. अवशेषाच्या आत आखलेल्या पार्श्वभूमीच्या कड्यात खुद्द अवशेषाचा फिकट वायू असतो आणि तोही बदलत असतो. बाहेरच्या रिकाम्या आकाशातून घेतली, तर गाठीसमोरचा आणि मागचा वायू वर्णपटात राहतो. मी दोन्ही करतो. कणांमुळे येणारी पार्श्वभूमी सौरचक्राबरोबर वर-खाली होते आणि आपल्या दोन तारखा चक्राच्या अगदी वेगळ्या टोकांना आहेत. २००० मध्ये सूर्य जोरात होता, २०१९ मध्ये थंड होता. तेजस्वी गाठीसाठी याचा त्रास जाणवत नाही, पण लोहाच्या ६.६ केईव्हीजवळच्या रेषेवर काही बोलायचे असेल तर विसरू नका.

तिसरी गोष्ट मॉडेलची, आणि खरे भौतिकशास्त्र इथून सुरू होते. आघाताने वायू तापतो तेव्हा तापमान आधी चढते आणि अणूंवरचे इलेक्ट्रॉन मागाहून, टकरींनी, एकेक करून निघतात. हे किती पुढे गेले ते इलेक्ट्रॉनची घनता गुणिले आघातानंतरचा काळ या गुणाकाराने सांगितले जाते. एक्सएसपेकमध्ये त्याला टाऊ म्हणतात आणि कॅस ए च्या गाठींसाठी तो ‘सेकंद प्रति घन सेंटीमीटर’ या एककात १०^११ च्या आसपास येतो. आपल्या १९.३ वर्षांत सुमारे ६ × १०^८ सेकंद आहेत. गाठीत प्रति घन सेंटीमीटर एकच इलेक्ट्रॉन असता, तर या काळात टाऊ मध्ये ६ × १०^८ एवढीच भर पडली असती, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, जी कोणत्याही वर्णपटात दिसणार नाही. पण घनता ५० असेल, तर भर ३ × १०^१० ची, म्हणजे तीस टक्के. ती दिसते, आणि ती दिसण्याची जागाही ठरलेली आहे. सिलिकॉनच्या १.८६ केईव्हीजवळच्या रेषेच्या तुलनेत २ केईव्हीजवळची, आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनची रेषा वाढायला हवी.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की मॉडेल बसवायच्या आधी हा कागदावरचा हिशेब करा. आपल्या गाठीची घनता वर्णपटाच्या तेजावरून आणि तिच्या आकारमानावरून काढता येते. घनतेवरून टाऊ किती वाढायला हवा ते कळते. टाऊ तीस टक्क्यांनी वाढला तर टकरींमुळे इलेक्ट्रॉनचे तापमान अगदी ढोबळ हिशेबाने दहा-बारा टक्के वाढेल. उलट कॅस ए सुमारे साडेतीनशे वर्षांचा आहे. एकोणीस वर्षांत तो चार-पाच टक्क्यांनी फुगतो आणि नुसत्या फुगण्याने वायू दहा टक्क्यांच्या आसपास थंड व्हायला हवा. दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. आपला आकडा मात्र तीस टक्के वाढीचा आहे. नुकत्याच पेटलेल्या गाठीत असे होऊ शकते, कारण तिथे टाऊ मुळात लहान असतो आणि तो काही वर्षांत दुप्पटही होतो. २००० ते २००४ या चारच वर्षांत कॅस ए मध्ये काही गाठी ठळकपणे उजळताना आणि काही मंदावताना दिसल्या आहेत. पण आपली गाठ २००० मध्येच तेजस्वी होती, असे आपणच लिहिले आहे. जुन्या गाठीने तीस टक्के तापण्यासाठी काहीतरी विशेष घडायला हवे, आणि विशेष घटनेला पुरावाही तितकाच जड लागतो.

राशींची देवाणघेवाण म्हणतो ती इथली. तापमान, टाऊ, शोषण आणि मूलद्रव्यांची प्रमाणे या चौघांत एकाची चूक दुसरा भरून काढतो. दोन वर्णपट स्वतंत्रपणे बसवून मग दोन तापमानांची वजाबाकी करणे ही पद्धत मी टाळतो. दोन्ही वर्णपट एकाच वेळी बसवा आणि जे बदलू शकत नाही ते बांधून टाका. वाटेतल्या धुळीचे आणि वायूचे शोषण एकोणीस वर्षांत बदलत नाही, म्हणून हायड्रोजनची स्तंभघनता दोन्हींसाठी एकच ठेवा. सिलिकॉनचे गंधकाशी असलेले प्रमाणही, गाठ तीच असेल तर, बदलणार नाही. मग आधी सगळेच बांधलेले, फक्त एकूण तेज मोकळे असे मॉडेल बसवा. त्यानंतर एकेक राशी मोकळी करून पाहा की जुळणी खरोखर सुधारते का. टाऊ मोकळा केल्याने काम भागत असेल, तर तापमान मोकळे करू नये.

याहूनही साधी एक परीक्षा आहे आणि ती मी सर्वांत आधी करतो. २००० च्या वर्णपटाला उत्तम बसलेले मॉडेल जसेच्या तसे, एकही आकडा न हलवता, २०१९ च्या एआरएफ आणि आरएमएफमधून (फोटॉनची ऊर्जा कॅमेऱ्यात कशी नोंदली जाते ते सांगणाऱ्या फाइलमधून) घडवून घ्या आणि २०१९ च्या काउंटवर ठेवा. खाली फरकाचा आलेख काढा. फरक १.५ केईव्हीच्या खाली सपाट उतारासारखा असेल, तर थराचा संशय घ्या. फरक रेषांच्या डाव्या-उजव्या बाजूंना वर-खाली अशा जोडीने दिसत असेल, तर ऊर्जेची मोजपट्टी सरकली आहे. फरक एखाद्याच रेषेच्या उंचीत असेल आणि शेजारची रेषाविरहित सलग पट्टी जुळत असेल, तर मात्र खुर्चीत जरा सावरून बसा.

ऊर्जेच्या मोजपट्टीबद्दल थोडे सांगतो. चंद्रा अवकाशात गेल्यावर पहिल्याच महिन्यांत पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यातले प्रोटॉन आरशांवरून परावर्तित होऊन समोरून प्रकाशित होणाऱ्या चिपवर पोहोचले आणि त्यांना इजा झाली. तेव्हापासून त्या पट्ट्यातून जाताना कॅमेरा नाभीतून बाजूला नेतात. आपली एस३ चिप मागून प्रकाशित होणारी असल्याने या इजेतून वाचली, पण तिचे चार भाग वेगवेगळ्या इलेक्ट्रॉनिक मार्गांनी वाचले जातात आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. यानाचा फिरवकोन तारखेवर ठरतो, म्हणून जानेवारीत आणि मे महिन्यात आपली गाठ चिपच्या वेगवेगळ्या जागी पडलेली असणार. मोजपट्टीत ०.३ टक्क्याची चूक म्हणजे सिलिकॉनच्या रेषेपाशी साडेपाच इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि वेगाच्या भाषेत सेकंदाला ९०० किलोमीटर. रेषेच्या सरकण्यावरून वेग किंवा टाऊ सांगणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा.

अनुभवी लोकही इथे अडखळतात, आणि त्याचे उदाहरण याच अवशेषाच्या मध्यभागी आहे. कॅस ए मधला न्यूट्रॉन तारा १९९९ मध्ये चंद्राच्या पहिल्याच प्रतिमेत दिसला. २०१० मध्ये हाइन्के आणि हो या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवले की २००० ते २००९ या काळात त्याच्या पृष्ठभागाचे तापमान २१.२ लाख केल्विनवरून २०.४ लाखांवर, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी उतरले. इतक्या झपाट्याने थंड होणे नवलाचे होते, आणि ताऱ्याच्या गाभ्यातले न्यूट्रॉन अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणारे) होत असल्याचे स्पष्टीकरण पुढच्याच वर्षी आले. मग पोसेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिपचा लहानसाच तुकडा वाचण्याची पद्धत वापरलेल्या निरीक्षणांकडे लक्ष वेधले, कारण नेहमीच्या पद्धतीत एका चौकटीच्या ३.२ सेकंदांत दोन फोटॉन एकत्र मोजले जाण्याचा धोका असतो. त्या निरीक्षणांत थंडावणे फारच कमी निघाले, इतके की ते नाहीच असे मानणेही आकड्यांशी विसंगत नव्हते. नंतर थराचे मॉडेल सुधारत गेले, तसे सगळ्यांचेच आकडे पहिल्या चार टक्क्यांच्या खाली उतरले. पहिल्या निबंधाला मी चूक म्हणत नाही. त्यांनी त्या वेळच्या कॅलिब्रेशनने काम चोख केले होते. पण तारा किती थंड झाला हे सांगण्याआधी गाळणी किती मळली ते सांगावे लागते, हे त्या वादाने सगळ्यांना पटवून दिले.

मग काहीच ठामपणे सांगता येत नाही की काय, असे वाटून घेऊ नका. कॅस ए मध्ये रेषाविरहित ४.२ ते ६ केईव्हीच्या पट्ट्यात, जिथे तो थर जवळजवळ पारदर्शक असतो, २००० ते २०१० दरम्यान वर्षाला सुमारे दीड टक्क्याची घट पॅटनॉड आणि सहकाऱ्यांनी मोजली. या पट्ट्याचा बराच भाग चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांचा आहे. क्षेत्र एक मिलिगॉस असेल, तर एक केईव्हीचा फोटॉन देणारा इलेक्ट्रॉन साधारण दीड वर्षात आपली ऊर्जा गमावतो, म्हणून काही तंतू वर्षा-दोन वर्षांत उजळतात आणि मावळतात. ही मोजणी टिकली, कारण पट्टा विचारपूर्वक निवडला होता आणि शेजारचा, तापलेल्या वायूचा पट्टा तपासणीसाठी हाताशी होता.

मऊ किरणांतला खरा बदल पाहायचा असेल तर दक्षिणेकडच्या मोठ्या मॅजेलॅनिक मेघातील एसएन १९८७ए कडे पाहा. फेब्रुवारी १९८७ मध्ये स्फोट दिसला. चंद्राने १९९९ पासून त्याच्यावर जवळजवळ दर सहा महिन्यांनी नजर ठेवली. आघात ताऱ्याभोवतीच्या जुन्या वलयावर आदळू लागल्यावर मऊ क्ष-किरण काही वर्षांत अनेक पटींनी वाढले, साधारण २०१३ नंतर वाढ थांबली, आणि कठीण किरण मात्र त्यानंतरही चढत राहिले. तिथला बदल पटींमध्ये होता, म्हणून थराबद्दलची काही टक्क्यांची अनिश्चितता त्याला गिळू शकली नाही. शिवाय एक्सएमएम-न्यूटन ही वेगळ्या गाळणीची, वेगळ्या कॅमेऱ्याची दुर्बीण त्याच वस्तूकडे पाहत होती. आपल्याला हा आधार मिळणार नाही, कारण एक्सएमएमला कॅस ए मधली तीन विकलेची गाठ सुटी दिसत नाही. २०२३ मध्ये अवकाशात गेलेली जपानची एक्सरिझम दुर्बीण ऊर्जेत पाच इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचा बारकावा दाखवते, पण तिची प्रतिमा एका कलेपेक्षा अधिक पसरट आहे आणि तिच्या उपकरणापुढचे झाकण न उघडल्यामुळे १.७ केईव्हीच्या खालचे तिला जवळजवळ काही दिसत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली अ‍ॅस्ट्रोसॅटवरची मऊ क्ष-किरण दुर्बीणही संपूर्ण अवशेषाच्या तपासणीसाठी उपयोगी पडेल, एका गाठीसाठी नाही. तेव्हा आपल्या गाठीसाठी चंद्राच, आणि चंद्राच्या दोषांसकट.

कॅस ए ची एक बाजू आपल्या फायद्याची आहे. त्याच्या वाटेत हायड्रोजनची स्तंभघनता (दृष्टिरेषेवरच्या अणूंची एकूण संख्या) प्रति चौरस सेंटीमीटर १०^२२ किंवा त्याहून अधिक आहे, म्हणजे एक केईव्हीच्या खालचे किरण मुळातच गाळणीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आपली माहिती सिलिकॉन, गंधक, आर्गॉन आणि कॅल्शियमच्या रेषांत, १.७ ते ४ केईव्हीमध्ये आहे, आणि तिथे थराची मात्रा कमी चालते. म्हणून माझी सूचना अशी की मॉडेल आधी १.७ केईव्हीच्या वरच बसवा आणि तापमानातला फरक उरतो का ते पाहा. खालचा भाग नंतर जोडा. वर फरक नाही आणि खालचा भाग जोडताच तो उगवला, तर उत्तर आपल्याला मिळालेच.

आणखी एक तपासायचे ते निरीक्षणाच्या फाइलचे हेडर. कॅस ए इतका तेजस्वी आहे की माहिती पृथ्वीवर पाठवण्याची मर्यादा ओलांडू नये म्हणून त्याची बरीच निरीक्षणे ‘ग्रेडेड’ प्रकारात, म्हणजे प्रत्येक फोटॉनची संक्षिप्तच नोंद पाठवून, घेतली जातात. या प्रकारात चिपमधल्या विद्युतभाराच्या गळतीची दुरुस्ती नंतर करता येत नाही. आपल्या दोन निरीक्षणांचे प्रकार वेगळे असतील, तर रेषांची रुंदी तेवढ्यानेच बदलू शकते. मग मधल्या वर्षांतले, एकाच प्रकारात घेतलेले दोन संच निवडणे बरे, वर्षे थोडी कमी झाली तरी चालेल.

हे सगळे करून पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी सोबत द्या. प्रत्येक एआरएफ कोणत्या आवृत्तीच्या कॅलिब्रेशन संचाने बनवली, दोन्ही तारखांना वर्तुळाचा केंद्रबिंदू कुठे होता आणि त्याची त्रिज्या किती, आणि संपूर्ण अवशेषाचा १.५ ते ३ केईव्हीमधला प्रवाह दोन्ही वेळा किती आला. शक्य असेल तर २००० चे न हलवलेले मॉडेल २०१९ च्या काउंटवर ठेवून काढलेला फरकाचा आलेखही जोडा. तो पाहिल्याशिवाय गाठीच्या तापमानावर मी काही बोलणार नाही.